आखूड दांड्याची तीन कोटेशनं

दीनानाथ पांढरीपांडे यांनी आयुष्यात एकही वस्तू तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतली नव्हती. यवतमाळच्या जिल्हा परिषदेत, बांधकाम विभागात, टेंडरच्या टेबलावर उभी नोकरी काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी ते टेबल काही डोक्यातून उतरलं नव्हतं. घराला रंग द्यायचा असो की पंखा दुरुस्त करायचा असो, तीन ठिकाणी विचारायचं, कागदावर तीन रकाने आखायचे आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याच्यापुढे लाल शाईनं खूण करायची. घराचा रंग पहिल्याच पावसाळ्यात उडाला आणि पंखा अजून खडखडतो, पण पद्धत चुकली असं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही.

गाडी मात्र त्यांची नव्हती. जुनी, पांढरी, पुढच्या मडगार्डला पोचा आलेली मारुती शुभदाताईंची होती आणि चालवायच्याही त्याच. दीनानाथांनी तरुणपणी एकदाच गाडी शिकायचा प्रयत्न केला होता. ती गाडी नगरपालिकेच्या नळावर जाऊन आदळली आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन धावत आली. त्यानंतर त्यांनी चाकाला हात लावला नाही, आणि गल्लीनं तो विषय कधी सोडला नाही.

शुभदाताई डोळे तपासत. चष्म्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, पण त्यांचा जीव होता राळेगावच्या बाजारात. दर बाजाराच्या दिवशी भिंगांची जड पेटी, अक्षरांचा तक्ता आणि फ्रेमांचं खोकं गाडीत टाकून त्या एकट्या निघत. खेड्यातली बाई पाय मोडला तर यवतमाळला येईल. दिसेनासं झालं तर कुणाला सांगणारही नाही. म्हणून ताईच तिच्यापर्यंत जात.

दोन हजार पाच संपून सहा उजाडत होतं. त्या वर्षांत कापसानं सगळ्या जिल्ह्याची झोप उडवली होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रं उशिरा उघडलेली, घरात आढ्यापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीवर. पुढाऱ्यांच्या गाड्या धूळ उडवत यायच्या आणि तशाच धूळ उडवत जायच्या. अशा दिवसांत चष्मा कुणाला सुचतो? पण शुभदाताईंना एक ठाऊक होतं. जिला चष्मा मिळाला ती बाई कापूस विकताना काट्यावरचा आकडा स्वतः वाचते, आणि मापाडी तिच्यासमोर जरा सरळ वागतो. एवढ्यासाठी त्या उन्हातान्हात जायच्या.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना स्टूल कलंडलं आणि त्यांचा डावा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, पण मग तो आखडला. "सुटेल हळूहळू. वर्ष लागेल, जास्तही लागेल. ओढाताण करू नका," असं डॉक्टर म्हणाले. कोपरापासून खाली हात ठणठणीत होता. पोळ्या लाटता यायच्या, भिंग धरता यायचं. पण हात पुढे लांबवला की खांद्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांत पाणी यावं. आणि आपल्याकडे गिअर पडला डाव्या हाताचा.

पहिला गिअर त्या गाडी उभी असतानाच, सगळं अंग पुढे वाकवून टाकायच्या. दुसरा मागे ओढायचा, तोही कसाबसा पडायचा. अडायचं ते तिसऱ्याला. तो पुन्हा पुढे, आणि चालत्या गाडीत रस्ता सोडून ओणवं कोण होणार? सीट पुढे घेऊन घेऊन पोट स्टिअरिंगला टेकलं होतं. दुसऱ्या गिअरवर राळेगाव गाठायचं म्हणजे इंजिन सगळी वाट बोंबलत जाणार.

पुण्याहून अभिषेकचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "आई, विकून टाक आता. गिऱ्हाईक मी पाहतो. फार तर एखादा ड्रायव्हर ठेवा."

ड्रायव्हर ठेवून झाला होता. दुपार टळली की तो हॉर्न वाजवायला लागे, आणि अर्धे डोळे तपासलेल्या बाया घाबरून उठून जात.

"संक्रांतीपर्यंत पाहते," शुभदाताई म्हणाल्या. "जमलं तर जमलं, नाही तर दे विकून."

अगदी शांतपणे म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ बराच वेळ नुसता वाहत राहिला. दीनानाथ बाहेर पेपर धरून बसले होते, पण त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी ते उठून पाहतात तर बायको अंगणात गाडीची काच पुसते आहे. गाडी कुठंच जाणार नव्हती. बाई आपली मन लावून काच पुसत होती. इतकी वर्षं दीनानाथ या गाडीला 'तिचा छंद' म्हणत आले होते, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली.

उपाय सापडला तो न्हाव्याच्या दुकानात. गालाला साबण लावून बसलेले असताना हाती गाड्यांचं एक गुळगुळीत मासिक लागलं. शर्यतीवाली पोरं म्हणे मूळ गिअरच्या दांड्याच्या जागी बाहेरून एक वेगळा दांडा विकत घेऊन बसवतात. त्याचं नाव शॉर्ट शिफ्टर. एका गिअरमधून दुसऱ्यात जायला हात वीतभर हलवावा लागत असेल, तर या आखूड दांड्यानं काम दोन-चार बोटांत होतं. दीनानाथ अर्ध्या दाढीनिशी उठून उभे राहिले. बायकोचा हात पुढे जात नाही ना? मग गिअरच जवळजवळ आणू!

आणि मग अर्थातच तीन कोटेशनं. एक दिल्लीचं. एक कोइमतूरचं, तिथला माणूस इंग्रजीत काहीतरी भोकांबद्दल सांगत होता, म्हणजे दांडा तीनपैकी कुठल्याही भोकात अडकवता येतो आणि हालचाल कमीजास्त करता येते. तिसरं गावातलं, प्रेमसिंगचं. प्रेमसिंगनं वणीच्या कोळशाच्या ट्रकांखाली अर्धी उमर घालवून यवतमाळात गॅरेज टाकलं होतं.

"कायले दिल्ली-मद्रास करून राह्यले साहेब?" तो म्हणाला. "हाच दांडा वरून चार बोटं कापून देतो. झाला आखूड!"

दीनानाथांनी घरी येऊन तीन रकाने आखले. दिल्लीच्या दांड्याची हालचाल सगळ्यात कमी होती. कोइमतूरची मधली. प्रेमसिंगचं तर काही लेखीच नव्हतं, म्हणजे ते बादच. सगळ्यात कमी आकडा दिल्लीचा, खूण दिल्लीला. जन्मभर कमी आकड्यालाच खूण केलेला हात. दुसरीकडे वळणार कसा?

"मला एकदा दाखवाल का काय मागवून राहिले ते?" शुभदाताईंनी विचारलं.

"तू काळजीच करू नकोस," दीनानाथ म्हणाले. त्यांना बायकोला थक्क करायचं होतं.

पार्सल आलं. प्रेमसिंगनं दांडा बसवला. दीनानाथांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून, इंजिन बंद असताना, क्लच दाबून, आपल्या धडधाकट हातानं गिअर टाकून पाहिले. टक. टक. टक. ज्याला गाडी कधी चालवता आली नाही आणि ज्याचा खांदा कधी दुखला नाही, अशा माणसानं उभ्या गाडीत परीक्षा घेतली आणि गाडीला शंभरपैकी शंभर मार्क देऊन टाकले. प्रेमसिंगनं गाडी घरी आणून दिल्यावर त्यांनी दांड्याच्या मुठीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि शुभदाताईंना हाताला धरून गाडीत बसवलं.

कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत दीनानाथ खुशीत होते. पहिला पडला, पण ताईंनी ओठ दाबले. दुसरा ओढताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. समोर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. ती ओलांडून जायला तिसरा हवा होता. ताईंनी दांडा पुढे ढकलला. तो हलला नाही. पुन्हा ढकलला तर आतून करकर असा आवाज आला, खांद्यात कळ उठली, क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी भर रस्त्यात आचका देऊन बंद पडली. मागून ट्रकवाला ओरडायला लागला. एका गाडीवानानं उतरून दीनानाथांच्या बरोबरीनं मारुती कडेला ढकलली.

"आजी, घरच्या कोन्या माणसाले चालवू द्या ना," तो भल्या मनानं म्हणाला. घरचा माणूस खाली पाहत उभा होता.

शुभदाताई खांदा धरून उतरल्या. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "अभिषेकला फोन करा," एवढंच म्हणाल्या. "गिऱ्हाईक पाठव म्हणा." चिडल्या असत्या तर परवडलं असतं, असं दीनानाथांना वाटलं.

प्रेमसिंग गाडी ओढून गॅरेजात घेऊन गेला. "साहेब, बोरिंगच्या हापशाचा दांडा आखूड केला तं पानी काढाले जोर जास्त लागते का नाही? तसंच हाये हे," तो म्हणाला. मग डोकं खाजवत त्यानंच कबूल केलं, "अन् मी कापून देतो म्हनलो, तेही तसंच झालं असतं. माह्या डोक्यात आलंच नाही."

हे ऐकून दीनानाथांना धीर यायला हवा होता. आला नाही.

संक्रांत पंधरा दिवसांवर आली आणि एका सकाळी दारात पंचफुला उभी राहिली. राळेगावाकडची पन्नाशीची बाई, डोक्यावरून पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पहाटेच्या एसटीनं निघून, विचारत विचारत घर शोधलं होतं.

"काहून नाही येऊन राह्यल्या बाजारात?" तिनं बसायच्या आधीच विचारलं. "आमी बाया दर बाजारी पाह्यतो, आज तरी गाडी येते का. या चष्म्यातून धूर दिसते मले आता. अन् कापूस काट्यावर न्याचा हाये पुढच्या हप्त्यात. आकडा कोन वाचन?"

"तुमच्याकडे कुणी वाचून देणारं नाही का?" दीनानाथांनी विचारलं.

"हायेत ना. मापाडीच वाचून देते." असं म्हणून पंचफुला स्वतःच हसली. "बाकीच्या बाया यायच्या नाहीत इथवर. त्यायले शहराचं भेव वाटते. मीच आली हिंमत करून."

शुभदाताईंनी तिला खुर्चीत बसवलं. पेटी उचलवेना, म्हणून दीनानाथ पेटी मांडीवर घेऊन बाजूला बसले. तपासणीच्या वेळी ते नेहमी कचेरीत असत, आणि निवृत्तीनंतर मागच्या खोलीत पेपर वाचत. इतक्या जवळून त्यांनी हे काम पहिल्यांदाच पाहिलं.

ताई एक भिंग लावत, काढत, दुसरं लावत. "हे बरं की हे?"

"पह्यलं."

"आता? हे की हे?"

"हे. नाही, थांबा. थेच बरं होतं."

दीनानाथांना राहवलं नाही. पेटीतलं एक जाड भिंग त्यांनी पुढे केलं. "हा नंबर मोठा आहे. यानं एकदम लख्ख दिसेल."

ताईंनी मुकाट्यानं ते लावलं. पंचफुलानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "मायवं! जमीन वर येऊन राह्यली! काढा, काढा!"

"आकडा मोठा की लहान, त्यावर काही नसतं," शुभदाताई भिंग काढत म्हणाल्या. त्या नवऱ्याला टोमणा मारत नव्हत्या, रोजचंच सांगत होत्या. "ज्याचे डोळे त्याला विचारायचं. सारखं विचारायचं. दमला तरी विचारायचं."

दीनानाथांच्या मांडीवरची पेटी एकदम जड झाली. शुभदाचा खांदा, शुभदाची गाडी, शुभदाचा रस्ता. दिल्लीला विचारलं, कोइमतूरला विचारलं, प्रेमसिंगला विचारलं. फक्त शुभदाला विचारायचं राहिलं. वर तिनंच 'दाखवाल का' म्हटलं, तर तिला गप्प केलं. एखाद्या भरल्या सभेत कुणी कान धरून उभं केलं असतं तरी इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसतं.

पंचफुला नवा चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख मोठ्यानं वाचून, समाधानानं एसटीकडे गेली. दीनानाथ बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"शुभदा, चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात फारसं वापरलेलं नव्हतं, त्यामुळे जरा अडखळत आलं. "गाडी अजून विकली नाही. एकदा गॅरेजात येशील? तू बस, आणि तू सांग. मी काही ठरवणार नाही."

शुभदाताईंनी पेटीचं झाकण लावलं. "कोटेशन?"

"नाही."

"मग येते," त्या म्हणाल्या.

कोइमतूरचा दांडा मागवला. तो आला त्याच दिवशी दोघं गॅरेजात गेले. ताई सीटवर बसल्या, प्रेमसिंग पलीकडच्या दारातून आत वाकला, आणि दीनानाथ मधेच गुडघे टेकून, पान्हे हातात घेऊन. सगळ्यात आखूड भोक लावलं. जड. सगळ्यात लांब भोक लावलं. हलकं, पण तिसरा पुन्हा दूर. मधलं लावलं.

"हे बरं की ते?" दीनानाथांनी विचारलं.

"हे. पण थांबा." ताईंनी डोळे मिटले. हात दांड्यावर ठेवला, पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे. खांदा कुठं बोलतो आणि कुठं गप्प बसतो ते त्या ऐकत होत्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "अहो, आपण सगळे भलतंच करून राहिलो होतो. दोन गिअरमधलं अंतर मला फारसं नडत नाही. मूठच माझ्यापासून दूर आहे. इथं असती ना, माझ्या गुडघ्याच्या थोडी पुढे, तर मला खांदा हलवावाच लागला नसता. नुसत्या कोपरावर झालं असतं."

प्रेमसिंगनं कपाळावर हात मारला.

"म्हन्जे दांडा कापाचा नाही, उलटा वाढवाचा! अन् वाकवून तुमच्याकडं आनाचा! ट्रकले तं असाच वाकडा दांडा ऱ्हायते ताई! रोज पाह्यतो मी, अन्..."

"वाढवला की तो हलकाही होईल," दीनानाथ घाईनं म्हणाले. "हापशासारखा! पण मग हालचाल वाढेल." हात शिवशिवत होता, तरी लाल खूण करण्याचा मोह त्यांनी आवरला. "शुभदा, तू सांग."

"म्हणून तर मधलं भोक ठेवायचं," ताई म्हणाल्या. "खालून थोडं आखूड, वरून थोडं लांब. हिशेब जुळतो."

भट्टीवर तापवून प्रेमसिंगनं दांड्याला जोड दिला आणि वाक काढला. बसवला. जरा आणखी वाकवा. नाही, आता जास्त झाला, मांडीला लागतो. परत काढा. प्रेमसिंग एकदाही वैतागला नाही, आणि दीनानाथ दर वेळी विचारत राहिले, हे बरं की मघाचं. शेवटी जे तयार झालं ते शर्यतीवाल्या पोरांनी पाहिलं असतं तर पोट धरधरून हसली असती. चकचकीत कोइमतुरी दांडा आणि त्याच्या डोक्यावर ट्रकासारखी वाकडी मान. शुभदाताईंनी त्यावर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

संक्रांतीच्या आधीचा बाजार. सकाळी दीनानाथांनी पेटी, तक्ता, खोकं गाडीत भरलं, स्वेटर घातला, पाण्याची बाटली घेतली आणि शेजारच्या सीटवर ऐटीत बसले. आता दर बाजाराला आपण सोबत जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चालवता येत नसलं म्हणून काय झालं, वेळप्रसंगी गाडी ढकलता तर येते.

पहिला पडला. दुसरा पडला. गावातल्या गर्दीत गाडी तेवढ्यावरच चालली. कळंब रस्त्याच्या नाक्याशी येताच शुभदाताईंनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं? दुखून राहिलं का?" दीनानाथांचा जीव टांगणीला लागला.

"नाही. उतरा तुम्ही."

"मी?"

"अहो, तुम्ही बसला की मी तुमच्या तोंडाकडे पाहते. गिअर टाकताना तुम्ही डोळे मिटून घेता, दात आवळता. मग मलाच भीती वाटायला लागते." त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. डावा हात, तोच. "मी एकटी जाते. पेटी उतरवायला तिथं बाया आहेत."

दीनानाथांच्या तोंडाशी खूप काही आलं. बैलगाड्या आहेत, ट्रक आहेत, पुन्हा बंद पडली तर काय, संध्याकाळी अंधार लवकर पडतो. हे सगळं त्यांनी गिळलं. तिला विचारायचं ठरलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं. ते उतरले, दार नीट लावलं आणि बाटली हातात धरून कडेला उभे राहिले.

मारुती निघाली. इंजिन गुरगुरलं, गाडीनं वेग घेतला, मग एक बारीक खंड पडून आवाज बदलला. दुसरा. समोर कापसाच्या गाड्यांची रांग होतीच, आणि पांढरी गाडी तिच्या बाजूनं पुढे सरकत होती. आवाज चढायला लागला, आणखी चढला, कानात बसायला लागला. दीनानाथांचा डावा हात आपोआप वर आला आणि हवेत मूठ धरून थांबला. आयुष्यात गाडी चालवता न आलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून, श्वास रोखून, एका इंजिनाकडे कान लावून होता.

आवाज तुटला. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग इंजिन एकदम खालच्या सुरात, निवांत बोलायला लागलं. रांग मागे पडली आणि मारुती राळेगावच्या दिशेनं लहान लहान होत गेली.

"पडला!" दीनानाथ ओरडले. "तिसरा पडला!"

शेवटच्या बैलगाडीवरची बाई दचकून त्यांच्याकडे पाहायला लागली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"काय पडलं वो बुवा?" तिनं विचारलं. "सापडलं का?"

"सापडलं," दीनानाथ म्हणाले, आणि स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत पायीच घराकडे निघाले.